पोर्तुगालची मावशी

त्या साली मे महिन्यात उमरग्याच्या नाक्यावर ऊन असं पडलं होतं की ट्रकवाल्यांनी टायरात हवा भरायची बंद केली होती. घटकाभर गाडी उभी केली की टायर आपोआप फुगायचा. एका ड्रायव्हरनं माझ्या दुकानासमोर बॉनेटवर मूठभर शेंगा पसरल्या, माझ्याशी दोरखंडाची घासाघीस करेपर्यंत त्या भाजून निघाल्या, आणि निम्म्या मीच खाल्ल्या. हे कुणाला पटत नाही. टरफलं जपून ठेवायला हवी होती, एवढंच माझं चुकलं.

माझं दुकान ताडपत्रीचं. हैदराबादकडून सोलापूरकडं जाणाऱ्या मालाला ऊन-पाऊस लागू नये, ही जबाबदारी देवानं महादेवावर आणि महादेवानं माझ्यावर सोपवली आहे, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. तर अशा उन्हात जळकोटहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या फोनला हॅलो नसतं, सुरुवात नसते, शेवट नसतो.

"दुकान लाव आन् ये."

"काय झालं?"

"पिक्चर बघायचाय."

आणि फोन बंद. मी शटर ओढलं. अक्कानं मला पिक्चर बघायला बोलवावं म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यानं जागचं उठून चहा मागण्यासारखं होतं. येताना एक मोठी ताडपत्री आण, असा पाठोपाठ निरोप आला. तेव्हा मात्र मी मनातून जरा हललो.

जळकोटला पोचल्यावर भानगड कळली. अक्काची लेक, म्हणजे माझी भाची, शेतकी कॉलेजात शिकते. पोरगी हुशार. तिच्यासकट वर्गातल्या चौघांची, तीन पोरी आणि एक पोरगा, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी पोर्तुगाल देशात निवड झाली होती. तिकडं समुद्राकाठी एक गाव, तिथं द्राक्षाच्या बागा, त्या बागांत काम करत शिकायचं, राहणं-खाणं तिथंच एका घरात. दाजींची स्वतःची एकरभर द्राक्षबाग, त्यामुळं दाजी खूश होते. दाजी खूश असले की अजिबात बोलत नाहीत आणि नाखूश असले तरीही बोलत नाहीत, पण लेकीला ते ओळखता येतं.

अडला होता तो अक्काचा दीर. त्यानं भर ओसरीत बसून एकच सवाल टाकला होता, "तिकडं आपलं कोण हाय?"

आता ह्या सवालाला आमच्या भागात उत्तर नसलं की बाकीची सगळी उत्तरं वाया जातात. पोरगी पुण्याला निघाली, तर पुण्यात आपलं कोण. सोलापूरला दवाखान्यात जायचं, तर डॉक्टर कोण हे नंतर, आधी सोलापुरात आपलं कोण. पोर्तुगालात आपलं कुणीच नव्हतं. तिकडच्या लोकांना सोमवारी हो-नाही कळवायचं होतं, आणि हो म्हणायचं की नाही हे अक्काच्या हातात होतं. दीर नुसता बोलणार, दाजी नुसते बसणार, ठरवणार अक्का.

आणि अक्काची अडचण वेगळीच होती.

पोरगी द्यायची म्हटलं की आधी घर बघायला जायचं, ही रीत सगळीकडंच आहे. अक्काचं लग्न ठरलं तेव्हा आमचे अप्पा आणि त्यांच्यासोबत गावातली चार पोक्त माणसं जळकोटला घर बघून आली होती. त्यांनी विहीर बघितली. बैलांचे दात बघितले. कडब्याची गंजी बघितली, इतकी उंच होती म्हणे की वर चढलेला माणूस उतरेपर्यंत त्याची दाढी वाढायची. सैपाकघर मात्र कुणी बघितलं नाही, कारण परक्याच्या घरात पुरुषांनी आत कसं जायचं. त्या सैपाकघराला खिडकी नव्हती. पुढं दाजींनी भिंत फोडून खिडकी काढली, पण तोपर्यंतचं अक्का अजून ऐकवते, "म्या माझ्या नवऱ्याचं तोंड धुरातनंच बघितलं, म्हणून संसार टिकला."

तर अक्कानं लेकीला बजावलं होतं, "दोन म्हयन्यांसाठी जा न्हायतर जन्मासाठी जा. घर बघितल्याबिगर आमी पोरगी धाडत न्हाय. आन् ह्या बारीला म्या सोता बघणार."

पोर्तुगालला जाऊन घर बघून संध्याकाळच्या एसटीनं परत येणं शक्य नव्हतं. मग भाचीनं डोकं चालवलं. ज्या गावात तिला जायचं होतं, त्याच गावात घडलेला एक पिक्चर तिनं मोबाइलवर शोधून काढला. चार मित्रमैत्रिणी परदेशात उन्हाळा घालवायला येतात, अशी गोष्ट. जाहिरातीत निळा समुद्र, पांढरी घरं, वेलांचे मांडव आणि हसणारी पोरं. पोरीला वाटलं, हाच दाखवू, आईला गाव दिसेल. पिक्चर प्रेमाचा आहे, हे जाहिरातीत होतं की नाही मला माहीत नाही. असेल तर ते समुद्रामागं झाकलं गेलं असणार.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. मी आणलेली ताडपत्री बाहेरून पश्चिमेच्या खिडकीवर टाकली तेव्हा खोलीत असा अंधार झाला की कोंबडा गोंधळून पुन्हा आरवला. भाचीनं मोबाइल टीव्हीला जोडला. कूलर सुरू. अक्का मधोमध पाटावर, दाजी दाराजवळच्या खुर्चीत डोळे मिटून, भाची मागं भिंतीला टेकून, आणि मी अक्काच्या शेजारी.

पिक्चर पोर्तुगीज भाषेत होता. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. भाची पुढं सरकून म्हणाली, "आई, मी सांगते काय चाललंय ते."

"तू न्हाय सांगायचं. मामा सांगंल."

भाचीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं वाहत्या पाण्यात दोर मागणाऱ्यानं समोरून भलतंच काही आलेलं बघावं. कारण माझं इंग्रजी ट्रकच्या पाठीवर वाचून झालेलं आहे. त्यात हॉर्न वाजवा आणि अंतर ठेवा याच्यापलीकडं फारसं काही येत नाही. शिवाय खालची अक्षरं हायवेवरच्या एसटीसारखी, हात केला तरी थांबत नव्हती. पण अक्कासमोर येत नाही म्हणायचं नाही, हा मी लहानपणापासून पाळलेला नेम आहे.

सुरुवातीलाच एक रेल्वे स्टेशन, मागं समुद्र, आणि पाठीवर पिशव्या घेतलेली चौघं उतरली. दोन पोरं, दोन पोरी.

"ही कोण?" अक्का.

"आपल्या पोरीसारखीच. शिकणारी हायत. उन्हाळ्यापुरती आलीत."

चौघं चढ चढून एका पांढऱ्या घरापाशी गेली. दारात एक म्हातारी उभी, काळा झगा घातलेली, कमरेवर हात ठेवलेली. तिनं किल्ली दिली. चौघं हसत हसत वर गेली.

"चौघं बी एकाच घरात?" अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली. "ही पोरं त्या पोरींची कोण?"

मागं भाचीचा श्वास थांबलेला मला कूलरच्या आवाजातही ऐकू आला. तिच्याबरोबर जाणाऱ्यांत एक पोरगा होता ना. मी विचार केला. मी विचार फार झपाट्यानं करतो. एकदा विंचू चावायच्या आधी मी औषध आणून ठेवलं होतं. मित्र म्हणावं, तर अक्का आताच टीव्ही बंद करणार. सख्खे भाऊ म्हणावं, तर तोंडावळे जुळत नाहीत, एक पोरगा गोरा आणि एक कोळशासारखा सुंदर. आत्तेभाऊ-मामेभाऊ म्हणावं, तर आमच्याकडं मामाच्या पोरीशी लग्न लागतं, म्हणजे अक्का लगेच सोयरिकीचा वास घेणार. राहिला मावसभाऊ. मावसभाऊ म्हणजे सख्ख्या भावासारखा. तिथं लग्नाची बातच नाही, संशयाला शिरायला फट नाही. मी स्वतःवरच खूश झालो.

"मावसभावंडं हायत," मी म्हणालो. "आन् ही दारातली त्यांची मावशी. तिचंच घर हाय ह्ये."

"सख्खी?"

"सख्खी म्हंजे, एकदम सख्खी."

"मग ठीक हाय," अक्का म्हणाली आणि पाटावर मांडी बदलून निवांत बसली. भाचीनं मागून माझी पाठ हळूच थोपटली.

मग गाव दाखवायला लागले. अक्का खरोखरच घर बघायला गेल्यासारखी बघत होती. माणसं काय बोलतात याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. "दाराला आतनं कडी हाय," ती म्हणायची. "नळाला पाणी हाय, धार चांगली हाय." "ह्या मावशीचे पाय दुखत असणार, जिना बघ कसा उतरती." पुढं वेलांचे मांडव दिसले तसे दाजींनी एक डोळा उघडला आणि त्या दुपारचं आपलं एकमेव मत दिलं.

"तारा ढिल्या हायत."

आणि डोळा मिटला. त्या द्राक्षांचं पुढं काय करतात, असं अक्कानं विचारलं. मी म्हणालो, "बेदाणे."

ताटात एक अख्खा भाजलेला मासा आला तेव्हा माझी पहिली खरी परीक्षा झाली. आमचं घर शिवाचं, माळकऱ्याच्या वरताण शाकाहारी. मी म्हटलं, "भरलं वांगं."

"वांग्याला शेपूट कधीपासनं?"

"तिकडं देठ मागं असतो."

मग ती चौघं समुद्रात पोहायला गेली तेव्हा त्यांच्या अंगावर इतके कमी कपडे होते की माझ्या दुकानातली ताडपत्री टीव्हीवर टाकावीशी वाटली.

"ह्यांची कापडं कुठं गेली?"

"धुवायला टाकली."

"समद्यांची एकदम?"

"आज तिकडं धुण्याचा वार हाय."

"किनाऱ्यावरच्या त्या समद्या गावाचीच?"

"गाव लई स्वच्छ हाय अक्का."

तिनं मान हलवली. मला वाटलं, जिंकलो. पिक्चर छान चालला होता, मी छान चाललो होतो, आणि एवढ्यात त्या काळ्यासावळ्या पोरानं आणि त्या कुरळ्या केसांच्या पोरीनं एकमेकांकडं बघितलं. तसलं बघणं मला कळतं. मावसभाऊ बहिणीकडं तसं बघत नाही. मी घाईघाईनं म्हणालो, "तिला ताप आलाय का बघतोय."

"न बोलता?"

"डोळ्यावरनं कळतो."

मग दोघं संध्याकाळी त्या वेलांच्या मांडवाखाली चालायला लागली. गाणं सुरू झालं. गाण्याचा सूर कुठल्याही देशातला असो, कशाचं गाणं आहे हे पोटात कळतं. मी मनातल्या मनात भारनियमनाचा धावा सुरू केला. ज्या लाइटीनं आमच्या लग्नाच्या पंगतीत दगा दिला, मोटार सुरू केली की दगा दिला, दळण टाकलं की दगा दिला, ती लाइट त्या दुपारी अशी अढळ उभी राहिली की ध्रुवतारा तिच्याकडं बघून शिकला असता. वाऱ्यानं ताडपत्रीसुद्धा हलली नाही. आणि समोर त्या पोरानं त्या पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"आरं," अक्का म्हणाली.

"तिच्या डोळ्यात कचरा गेलाय. फुंकर घालतोय."

"डोळा तोंडात हाय का तिचा?"

मागं भाचीनं ओढणीत तोंड खुपसलं होतं. रडत होती की हसत होती, मला वळून बघायचा धीर झाला नाही. फुंकर फार लांबली. मी आयुष्यात पुष्कळ लांबलचक गोष्टी बघितल्यात, एकदा एका ट्रकला बांधलेला दोर तो ट्रक तामलवाडीला पोचला तरी उमरग्यात माझ्या हातात होता, पण ती फुंकर त्याहून लांब होती.

"ही मावसभावंडं ना रं?" अक्का शांतपणे म्हणाली. तिचं शांतपणे बोलणं फार वाईट.

"मावसच, पण—"

"सख्खी मावशी म्हणलास."

"मावशी सख्खी. पण ह्याची. तिची न्हाय. तिची मानलेली."

"मग ह्यो तिचा कोण?"

"मानलेल्या मावशीच्या बहिणीचा."

"म्हंजे?"

"म्हंजे तसं बघितलं तर कोणीच न्हाय."

"आन् ती दुसरी दोघं?"

इथं मी जो गोतावळा उभा केला तसा कुठल्याही भाटानं कुणाच्या सात पिढ्यांचा केला नसेल. मावशीला लहानपणी दत्तक दिली, मग जिनं दत्तक घेतलं तिला पुढं स्वतःची पोर झाली, त्या पोरीचा नवरा बोटीवर, बोट बुडाली, पोरगं वाचलं, ते मावशीनं वाढवलं, त्यामुळं मावशीच्या गुडघ्यावर ताण आला. मला स्वतःलाच वाईट वाटायला लागलं. मावशीच्या गुडघ्याबद्दल तर माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

"सुम्म कुंद्र," अक्का म्हणाली. आम्हाला घरात रागवायचं असलं की कानडी लागते. म्हणजे गप बस.

मी बसलो. आणि त्यानंतर पिक्चर कुणीच सांगितला नाही.

नवल असं की सांगायची गरजही पडली नाही. त्या कुरळ्या केसांच्या पोरीची मैत्रीण त्याच पोरासाठी झुरत होती, हे मला अक्काच्या नंतर कळलं. अक्का नुसती म्हणाली, "ती दुसरी. बघ, जेवंना झालीय." मग मैत्रिणींचं भांडण झालं. दारं आपटली. पोरगा दोघींच्या मधे असा उभा राहिला जसा रस्त्याच्या मधे बैल, न इकडं न तिकडं. आणि एका सकाळी तो पिशवी उचलून गाडीत बसून निघून गेला. मैत्रीणही गेली, तिच्यामागं तो गोरा पोरगाही. जिच्या तोंडावर फुंकर घातली होती ती पोरगी स्टेशनावरून एकटी चढ चढत परत आली.

दारात मावशी होती. मी तिला मावशीच म्हणणार. तिनं काही विचारलं नाही. पोरीला हाताला धरून आत नेलं, सैपाकघरात बसवलं. समोर खिडकी होती, मोठी, अख्खी उघडी, बाहेर समुद्र. मावशीनं एका वाडग्यात काहीतरी गरम वाढलं, पावाचा तुकडा मोडून तिच्यापुढं ठेवला, आणि स्वतः खिडकीपाशी उभी राहून कांदे चिरायला लागली. पोरगी रडत रडत खाऊ लागली. बराच वेळ एवढंच चाललं होतं. खाली अक्षरं नव्हती.

अक्का खिडकीकडं बघत होती.

शेवटी पोरगी आपल्या देशाला जायला निघाली. मावशीनं तिच्या पिशवीत काहीतरी कोंबलं. गाडीत बसल्यावर पोरीनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं, वारा लागला, आणि ती हसली. पिक्चर संपला. नावं वर सरकायला लागली. बाहेर कोंबडा तिसऱ्यांदा आरवला, त्याला आता कशाचाच भरवसा राहिला नव्हता.

मला वाटलं, पोरीचं पोर्तुगाल बुडालं. सगळ्या जगात पिक्चर पडले होते आणि तिनं नेमका हा उचलला होता.

"ती घरला आली न्हवं परत?" अक्कानं विचारलं.

"आली," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

"मग ठीक." ती पाटावरून उठली, गुडघे दाबले, आणि लेकीकडं वळली. "ह्यो पिक्चर दाखवायची बुद्धी तुला कुणी दिली?"

"आई, मी नुसती जाहिरात बघितली होती. समुद्र दिसला, घरं दिसली. मला वाटलं..."

"तुझ्यासंगं ज्यो पोरगा येणार हाय, त्यो तुझा कोण?"

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"मित्र आहे," ती म्हणाली. "वर्गातला. नुसता मित्र आहे, आई."

"मग मित्रच म्हणायचं. कुणी बी इचारलं तरी मित्रच. मावसभाऊ म्हणू नगो. मावसभाऊ म्हणलं की पुढं लई अडचण येती."

दाजी डोळे मिटूनच हसले. खुर्ची हलल्यामुळं कळलं.

मला राहवलं नाही. "अक्का, मग पोरीलाच सांगू द्यायचं होतंस की. मला कशाला बोलावलंस उमरग्याहून?"

"ती खोटं बोलली असती तर मला कळलं नसतं. तिचं लई साफ असतं. तुझं मला तोंड उघडायच्या आधी कळतं." ती माठातलं पाणी ओतून घ्यायला लागली. "तू जिथं थापा मारल्यास तिथं काय तरी झाकायचं हाय हे समजलं. जिथं गप बसलास तिथं सरळ बघितलं."

एवढ्या वर्षांत माझ्या कलेची अशी पारख कुणी केली नव्हती. मी पाणी मागितलं. तिनं आधी मला दिलं, मग दाजींना.

मग तिनं लेकीला सांगितलं, "ज्या घरात तू राहणार हायस त्याचं सैपाकघर मला दाव."

भाचीजवळ खोलीचे फोटो होते. पलंग होता, टेबल होतं, बाहेरून घर होतं, अंगणातला वेल होता. सैपाकघर नव्हतं. तिनं तिथं जिच्या घरी राहायचं होतं त्या बाईला मोबाइलवर लिहिलं. काय लिहिलं मी विचारलं नाही. माझ्या आईला तुमचं सैपाकघर बघायचंय, हे पोर्तुगालात वाचून त्या बाईला काय वाटलं असेल, याचा अंदाज बांधायला माझ्यासारखा माणूससुद्धा कमी पडतो. तिकडं सकाळ होती की काय होतं कुणास ठाऊक, पण चहा उकळेपर्यंत उत्तर आलं.

फोटोत काळा झगा नव्हता. फुलाफुलांचा सदरा घातलेली एक जाडजूड बाई होती, चष्मा कपाळावर, हातात भलामोठा डाव. ती सैपाकघरात उभी होती आणि दुसऱ्या हातानं मागं बोट दाखवत होती. मागं खिडकी होती. समुद्र दिसत नव्हता, शेजारच्याची भिंत दिसत होती आणि भिंतीवर एक मांजर. पण खिडकी होती, दोन्ही फळ्या उघड्या.

अक्कानं मोबाइल हातात घेतला. जवळ नेला, लांब नेला. बोटांनी तो फोटो मोठा करायला लेकीनं शिकवलं तशी तिनं खिडकी मोठी केली, मग चूल मोठी केली, मग त्या बाईचं तोंड. आमच्या अप्पांनी बैलांचे दात एवढ्या बारकाईनं बघितले नसतील.

"तिच्या कपाळाला धूर न्हाय," ती म्हणाली. "जा म्हणावं. कळव त्यांना."

भाची ओरडली नाही, नाचली नाही. ती आईच्या मागं जाऊन उभी राहिली आणि आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवून तोच फोटो बघत बसली. मी बाहेर जाऊन ताडपत्री सोडली. उजेड आत आला.

ऊन उतरल्यावर अक्काचा दीर आला. बातमी त्याला आधीच लागली होती, जळकोटात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. तो ओसरीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि वाटच बघत असल्यासारखं म्हणाला, "वैनी, पोरीला धाडणार म्हणं."

"धाडणार भावजी."

"संगं कोण?"

"तिचे मित्र हायत."

"ते कळलं. पर तिकडं आपलं कोण हाय?"

अक्कानं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

"मावशी हाय की."

दीर चहा प्यायचा थांबला. "मावशी? तुमाला तर बहीण न्हाय वैनी."

"मानलेली."

"पोर्तुगालात?"

"ह्या आमच्या बंधूला इचारा. त्याला तिकडचा समदा गोतावळा पाठ हाय," असं म्हणून ती आत निघून गेली.

दीर माझ्याकडं वळला. दाजींनी दोन्ही डोळे उघडले. दारामागं भाची उभी असल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. दुपारभर जो माणूस फुंकर आणि ताप आणि धुण्याचा वार यांत बुडून मेला होता, त्या मला अक्कानं चारचौघांत स्वतःच्या हातानं गादीवर बसवलं होतं.

"बसा पाव्हणं," मी म्हणालो, "जरा लांबचं हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. दत्तक सांगितलं, बोट सांगितली. बोटीचं वादळ दुपारी घाईत राहून गेलं होतं, ते आता नीट सांगितलं. घराची पांढरी भिंत, चढाचा रस्ता, आतली कडी, नळाची धार, सैपाकघराची खिडकी. मावशीचा गुडघा तर असा सांगितला की दीर स्वतःचा गुडघा चोळायला लागला. सगळं ऐकून त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि न बोलता निघून गेला. मला वाटलं, रागावला. थोड्या वेळानं तो परत आला. हातात पिशवी होती. शेंगाची चटणी, कडक भाकरी, आणि एका बाटलीत घरचं तीळतेल.

"चटणी पोरीला," तो म्हणाला. "त्याल मावशीला. गुडघ्याला लावा म्हणावं, कोमट करून."

भाची गेली. द्राक्षाचे मांडव शिकली, परत आली, दाजींच्या बागेतल्या तारा आता लोक बघायला येतात. तेल तिनं खरंच त्या बाईला दिलं. तिचे गुडघे चांगले होते. तिनं त्या तेलात वांगं भाजलं आणि तिला फार आवडलं, असं भाची सांगते. हे मी दिराला सांगितलेलं नाही.

अजून मी जळकोटला गेलो की तो ओसरीवर माझी वाट बघत असतो. "पाव्हणं, मावशीचा गुडघा काय म्हणतोय?" त्याला सगळं कळलंय आणि तो माझी फिरकी घेतोय, का त्याला खरंच काळजी आहे, याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही. थापा ओळखायची कला आमच्या घरात एकट्या अक्कालाच येते. ती आतून, कांदा चिरता चिरता, माझ्याआधीच उत्तर देते.

"बरा हाय भावजी. नुसता थंडीत वाईच धरतो."